जिगिंग-पॉपिंगसाठी आखूड रॉड आणि लुअर: खरेदी उलट्या क्रमाने करा

बहुतेक जण आधी रॉड घेतात. मग रॉडला शोभेल असं रीळ, रिळात मावेल तेवढी दोरी आणि उरलेल्या पैशांत दुकानदाराने पुढे केलेले चार जिग, म्हणजे तळाशी सोडून हलवायचे धातूचे नकली मासे (असं कुठलंही नकली आमिष म्हणजे लुअर). बोट खडपावर, म्हणजे पाण्याखालच्या खडकाळ जागेवर पोहोचते, तांडेल इंजिन बंद करतो आणि मग जिग काही केल्या तळाला लागत नाही. किंवा लागतो, पण रॉड त्याला हलवूच शकत नाही. खापर फुटतं भरतीवर, वाऱ्यावर आणि शेवटी माशांवर.

खरेदी याच्या बरोबर उलट व्हायला हवी. आधी पाणी किती खोल ते बघा. त्यावरून जिग किंवा पॉपरचं (पाण्यावर फेकून ओढायच्या लुअरचं) वजन ठरतं, वजन आणि मासा मिळून दोरी ठरवतात, दोरीवरून रॉड आणि रॉडवरून रीळ. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. मधला टप्पा गाळू नका.

दोन गोष्टी आधीच स्पष्ट करतो. हे सगळं बोटीवरून करायच्या मासेमारीबद्दल आहे. किनाऱ्यावरच्या कातळावरून फेकायला लांब रॉडच लागतो. आणि ‘आखूड’ म्हणजे जिगिंगला साधारण ५ ते ६.५ फूट आणि पॉपिंगला ७ ते पावणेआठ फूट. पॉपिंगचे रॉड आठ फुटांच्या पुढेही जातात, त्या मानाने साडेसात फुटी आखूडच.

## टप्पा १: दुकानात जाण्याआधी तांडेलाला फोन करा

चार प्रश्न विचारा. खोली किती? तळ खडपाळ, वाळूचा की चिखलाचा? जाण्याच्या दिवशी उधाण आहे की भांग? आणि सध्या काय लागतंय?

पहिल्याच उत्तरात लोक फसतात. कोकणातला जुना तांडेल खोली मीटरमध्ये नाही, वावात सांगतो. एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट, अंदाजे १.८ मीटर. ‘वीस’ म्हणाला तर ते वीस मीटर नाहीत, छत्तीस आहेत. मी पहिल्या वर्षी हे ‘वीस’ मीटर समजून चाळीस-चाळीस ग्रॅमचे सहा जिग घेऊन गेलो होतो. पाण्याला ओढ होती, जिग वाटेतच पतंगासारखे तरंगत राहिले आणि शेजारच्याने दिलेल्या एकमेव १२० ग्रॅमच्या जिगवर दिवस काढला.

तिसरा प्रश्न ओढीचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी जोरात धावतं आणि त्याच जागी दीडपट वजन लागतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी मंद. नवख्याने पहिली फेरी भांगाच्या दिवसांत ठेवावी. मासे कदाचित कमी लागतील, पण जिग तळाला लागल्याचं हाताला कळेल. ते एकदा कळलं की बाकीचं शिकता येतं.

जागेप्रमाणे फरक किती पडतो बघा. कोकण किनाऱ्यासमोरचा समुद्रतळ हळूहळू उतरत जातो. मालवण, देवगड, रत्नागिरीहून एका दिवसात जाऊन येण्यासारख्या बहुतेक जागा २० ते ४० मीटरच्या आतबाहेर. अंदमानात बेटापासून थोडं दूर गेलं की तळ झपकन खाली जातो, ८०-१०० मीटरवर जिगिंग चालतं आणि कडेच्या प्रवाळावर मोठ्या जीटीसाठी, म्हणजे जायंट ट्रेव्हलीसाठी पॉपिंग. जपानी व्हिडिओ बघून घेतलेला ३०० ग्रॅमचा जिग आणि पीई ८ चा (पीई म्हणजे दोरीच्या जाडीचा आकडा) पॉपिंग रॉड अंदमानात कामाचा. देवगडसमोर तो व्यायामाचं साधन होतो.

थांबा, हे तपासा: महाराष्ट्रात जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, त्या काळात ‘मी नेतो गुपचूप’ म्हणणाऱ्याच्या बोटीत बसू नका. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातल्या त्याच्या गाभ्यात गळ टाकायचा नाही. बोट कुठे थांबणार ते आधी विचारा.

## टप्पा २: जिगचं वजन

सुरुवातीचा हिशोब सोपा आहे. खोली मीटरमध्ये घ्या आणि तिला दोन ते तीनने गुणा, ग्रॅम मिळतील. वीस वाव म्हणजे ३६ मीटर, म्हणजे साधारण ७० ते ११० ग्रॅम. ऐंशी मीटरला १६० ते २४०. हा नियम नाही, पेटी भरायची सुरुवात आहे. खरा निकाल पाण्यात लागतो: जिग तळाला गेल्यावर दोरी पाण्याशी केवढा कोन करते ते बघा. उभ्या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा जास्त तिरकी गेली तर जिग हलका आहे, पुढचं वजन लावा. अगदी सरळ उभी राहिली आणि जिग दगडासारखा आपटला तर एक पायरी उतरा, कारण हळू पडणारा जिग माशाला जास्त वेळ दिसतो.

म्हणून एका खोलीसाठी एका वजनाचे पाच रंग घेण्याऐवजी तीन वजनं घ्या. कोकणातल्या ३०-४० मीटरसाठी ६०, १०० आणि १५० ग्रॅम, प्रत्येकी दोन. खडपात एखाददुसरा जाणारच, म्हणून दोन.

रंगावर लोक तास घालवतात. मी इतकंच बघतो: पाणी स्वच्छ असेल तर चंदेरी-निळा, गढूळ असेल किंवा उजेड कमी असेल तर अंधारात चमकणाऱ्या पट्ट्यांचा. पावसाळ्यानंतर खाडीच्या तोंडाजवळचं पाणी बराच काळ गढूळ असतं, तेव्हा दुसरा. पुढे जाऊ या.

## टप्पा ३: जिगचा आकार आणि गऱ्या

सुरीसारखा लांब, अरुंद जिग भरभर पडतो आणि भरभर ओढायला बनवलेला असतो. सुरमई, कुपा, ट्रेव्हली असे पळते मासे असतील तर हा. पानासारखा रुंद, आखूड जिग फडफडत, कुशी बदलत पडतो. तळाशी बसणाऱ्या हेकरू, तांबोशीसारख्या माशांना तो पडतानाच दिसतो आणि ते पडतानाच घेतात. याला स्लो-पिच म्हणतात. जिगचं वजन शेपटीकडे झुकलेलं असेल तर तो ओढीच्या पाण्यातही सरळ खाली जातो, मध्यावर असेल तर आडवा होऊन डोलतो. तळहातावर बोटाने तोलून बघितलं तरी कळतं.

दुकानात विचारलं जाणार नाही असा प्रश्न: हा जिग ओढायचा आहे की पाडायचा? ज्याला हे ठरवता येत नाही त्याच्या पेटीत दोन्ही असतात आणि रॉड एकच, म्हणजे अर्धे जिग बेकार. पहिल्या हंगामात एकच पद्धत निवडा. माझं मत विचाराल तर कोकणात स्लो-पिच. उथळ पाणी, मिश्र मासे आणि दुपारपर्यंत खांदा शाबूत.

गऱ्यांत तीन चुका सर्रास दिसतात.

पहिली: असिस्ट गरीची, म्हणजे आखूड दोरीने जिगच्या कडीला लटकवलेल्या गरीची दोरी फार लांब. वरच्या कडीला लावलेली गरी जिगच्या मध्यापलीकडे जाता कामा नये. गेली तर पडताना ती शेपटीला अडकते, जिग दुमडल्यासारखा गोल फिरत येतो आणि दोरीला पीळ भरतो.

दुसरी: गरी फार लहान. गरीचा गाळा, म्हणजे टोक आणि दांडीमधलं अंतर, जिगच्या रुंदीपेक्षा स्पष्ट मोठा हवा, साधारण दीडपट. नाहीतर जिगच आडवा येतो आणि टोक माशाच्या तोंडात रुततच नाही.

तिसरी: सुरमईसाठी फक्त वरच्या बाजूला गरी. सुरमई जिगची शेपटी तोडते. खालच्या कडीलाही गरी लावा. तिचे दात लक्षात घेऊन लीडरच्या (मुख्य दोरीपुढे जोडलेल्या जाड दोरीच्या) टोकाला दहा-बारा सेंटीमीटरची बारीक तारही हवी. तारेमुळे बाकीचे मासे थोडे कमी लागतात, हे खरंय. सुरमईचा थवा असेल तेव्हाच लावायची.

## टप्पा ४: पॉपर आणि स्टिकबेट

पॉपरचं तोंड वाटीसारखं खोलगट. ओढला की पाणी उडतं आणि ‘गडब’ असा आवाज होतो. स्टिकबेटला वाटी नाही, तो जखमी माशासारखा नागमोडी सरकतो. समुद्र खवळलेला असेल तर पॉपर, कारण लाटांच्या गोंगाटातही तो ऐकू जातो. सपाट, शांत पाण्यात मोठा पॉपर उलट माशांना बुजवतो, तिथे स्टिकबेट.

कोकणात मध्यम ट्रेव्हली, बर्राकुडा, गेदर यांच्यासाठी ३० ते ७० ग्रॅम पुरे. अंदमानात जीटीसाठी ८० ते १५० ग्रॅम. वाटी जितकी मोठी तितका ओढायला जड. १५० ग्रॅमचा रुंद तोंडाचा पॉपर सकाळभर फेकून ओढणं हे तालमीतलं काम आहे. पहिला पॉपर दुकानात आवडलेल्या आकारापेक्षा एक माप लहान घ्या.

विकत घेताना आतली तार तपासा. चांगल्या पॉपरमध्ये नाकापासून शेपटीपर्यंत आरपार तार असते. स्वस्तात फक्त स्क्रूवर बसवलेल्या कड्या असतात. मोठा मासा लागला की कडी उपटून येते आणि हातात राहतो पॉपरचा पुढचा भाग.

बादलीची परीक्षा: तिहेरी गऱ्या काढून एकेरी लावल्या की लुअरचं वजन बदलतं आणि तरंगणंही. एकेरी गऱ्या सोडवायला सोप्या, माशालाही कमी इजा, म्हणून बदला जरूर, पण घरी बादलीत तरंगवून बघा. गोड्या पाण्यात नाही. समुद्राच्या पाण्यात लुअर थोडा जास्त तरंगतो, म्हणून दहा लिटर पाण्यात सुमारे ३५० ग्रॅम मीठ विरघळवा. स्टिकबेटची शेपटी खाली आणि नाक पाण्याबाहेर थोडं वर असेल तर ठीक. पूर्ण आडवा तरंगत असेल तर शेपटीकडे जरा जड गरी लावा. पोटाची आणि शेपटीची गरी एकमेकींना अडकत नाहीत ना, तेही इथेच कळतं. बायकोने ‘मिठाचा डबा कुठाय’ विचारलं तर उत्तर तयार ठेवा.

## टप्पा ५: दोरी आणि लीडर

ब्रेडेड दोरीवर पीई म्हणून जो आकडा असतो तो जाडीचा आहे, ताकदीचा नाही. पीई १ म्हणजे सुमारे ०.१६५ मिलिमीटर, पीई ३ म्हणजे ०.२८५. त्याच जाडीत चांगली आठ पदरी दोरी जास्त ताकद देते. खोक्यावर मोठ्या अक्षरात फक्त पाउंड लिहिलेले असतील आणि जाडी दिसत नसेल तर ती दोरी जिगिंगला घेऊ नका. जाड दोरीला पाणी जास्त ढकलतं, जिग उचलला जातो आणि टप्पा दोनचा सगळा हिशोब कोलमडतो.

कोकणात स्लो-पिचला पीई १.५ ते २, भरभर ओढायच्या जिगिंगला २ ते ३, हलक्या पॉपिंगला ३ ते ४. अंदमानात जिगिंगला ३ ते ४, जीटीला ६ ते ८. जिगिंगची दोरी दर दहा मीटरला रंग बदलणारी घ्या. फिशफाइंडरवर मासे तळापासून आठ मीटर वर दिसत असतील तर जिग कुठे आहे ते रंग मोजून कळतं. पॉपिंगला एकरंगी चालते.

लीडर जिगिंगला तीन-चार मीटर, फ्लोरोकार्बन, ४०-५० पाउंड. पॉपिंगला आखूड, दीड-दोन मीटर आणि जाड. मध्यम माशांना ६०-८०, जीटीला शंभराच्या वर. आखूड एवढ्यासाठी की फेकताना गाठ वळ्यांच्या, म्हणजे रॉडवर दोरी ओवायच्या कड्यांच्या बाहेर राहावी. गाठ प्रत्येक फेकीला वळ्यांतून खटखट जात राहिली तर दुपारपर्यंत तिचं काम होतं.

## टप्पा ६: आता रॉड

इथपर्यंत वाचून आलात तर हातात तीन आकडे असतील: लुअरचं वजन, पीई आणि पद्धत. आता रॉडवरची अक्षरं वाचा.

आधी आखूडच का, ते समजून घ्या. मासा लागल्यावर रॉड ही तरफ असते, पण तुमच्या बाजूची नाही, माशाच्या बाजूची. समजा मासा पाच किलोच्या जोराने खाली ओढतोय. रॉडचा बुडखा कंबरेच्या पट्ट्यात टेकलाय आणि पुढचा हात तिथून अर्धा मीटरवर आहे. रॉडचं टोक बुडख्यापासून आडवं दोन मीटरवर असेल तर पुढच्या हातावर वीस किलो येतात. टोक दीड मीटरवर आणलं तर पंधरा. मासा तोच, ड्रॅग (दोरी सुटू देणारा रिळाचा ब्रेक) तोच, पाच किलो कमी फक्त लांबीमुळे. बोटीखाली सरळ उभं जिगिंग करताना फेकायचंच नसतं, मग लांबीची किंमत का मोजायची?

पॉपिंगला मात्र हाच तर्क ताणू नका. सहा फुटी जिगिंग रॉडने पॉपर फेकणारे दर फेरीत एक तरी भेटतात. पॉपर जवळ पडतो, टोक पाण्याच्या फार जवळ राहिल्याने तो नीट ‘गडब’ करत नाही आणि मासा बोटीखालून इंजिनाकडे वळला की दोरी पंख्यापासून दूर न्यायला लांबीच उरत नाही. शिवाय आखूड रॉडने जोरात फेकताना गऱ्या शेजाऱ्याच्या कानाच्या उंचीवरून जातात. बोटीवरच्या पॉपिंगला साडेसात फूट हा चांगला मध्य. ज्याची उंची बेताची, त्याने सव्वासात.

आता लेबल:

‘जिग कमाल २०० ग्रॅम’ म्हणजे २०० ग्रॅम हे टोक आहे, योग्य वजन नव्हे. रॉड उत्तम चालतो त्याच्या निम्म्यापासून तीन-चतुर्थांशापर्यंत, म्हणजे १०० ते १५०. तुमचा मुख्य जिग १०० ग्रॅमचा असेल तर कमाल १५० ते २०० लिहिलेला रॉड घ्या. ३०० वाला घेतलात तर तो वाकणारच नाही. स्लो-पिचमध्ये जिगला उडवतो तो वाकलेला रॉड सरळ होतानाचा झटका, तो मिळणारच नाही.

‘लुअर ४०–१०० ग्रॅम’ असं पॉपिंगच्या रॉडवर असेल तर ६० ते ८० ग्रॅमला तो खुलतो. फक्त पॉपर वापरणार असाल तर टोक जरा ताठ, स्टिकबेट जास्त वापरणार असाल तर टोक मऊ.

‘पीई ३–५’ यात तुमची दोरी मध्यावर बसली पाहिजे, काठावर नाही.

कमाल ड्रॅग लिहिलेला असेल तर सोबत कोन लिहिलाय का बघा. दहा किलो सरळ रेषेत सहन करणारा रॉड उभा धरला की त्याहून कितीतरी कमी जोरात तुटतो.

दुकानात हातात धरून दोन गोष्टी करा. रीळ बसतं त्या जागी धरा आणि मागचा दांडा काखेत घाला. जिगिंगच्या रॉडचा दांडा काखेत नीट अडकला पाहिजे. फार लांब असेल तर प्रत्येक उचलीला बरगडीत टोचेल. मग वळी बघा. स्पिनिंग रिळाच्या रॉडला वळी खाली आणि पहिलं वळं मोठं. वर बसणाऱ्या ओव्हरहेड रिळाच्या रॉडला वळी वर आणि लहान, मुठीखाली बोटासाठी आकडा. एकाचं रीळ दुसऱ्यावर लावू नका, ‘चालतंय’ असं कोणीही म्हणालं तरी.

मुंबई-पुण्याहून जाणाऱ्यांसाठी: दोन समान तुकड्यांपेक्षा मुठीजवळ जोड असलेला रॉड घ्या, त्याचा वाक अखंड राहतो. साडेसहा फुटी रॉडचा वरचा तुकडा तरीही पाच फुटांच्या आसपास असतो. कडक नळीत घाला आणि कोकणकन्येत ती बाकाखाली भिंतीच्या कडेला सरकवा, वाटेत नाही. माझ्या एका टोकावर रात्री कोणाचा तरी पाय पडला होता. सकाळी ते सरळ दिसत होतं, पहिल्या माशाला तिथेच मोडलं.

## टप्पा ७: रीळ

थोडक्यात. शिमानो किंवा दाइवाच्या मापात हलक्या जिगिंगला ४०००-६०००, अंदमानातल्या जिगिंगला ८०००-१००००, कोकणातल्या पॉपिंगला ८०००, जीटीला १४००० ते १८०००. ठरलेल्या पीईची ३०० मीटर दोरी मावली पाहिजे. पैसे कमी पडत असतील तर रॉड साधा घ्या आणि रीळ चांगलं. साध्या रॉडने मासा येतो. अडकत-सुटत फिरणाऱ्या ड्रॅगने दोरी तुटते.

## टप्पा ८: जोडणीचा क्रम

१. दोरी रिळावर ओल्या फडक्यातून, घट्ट ताण देऊन भरा. सैल भरलेली दोरी मोठ्या ओढीला स्वतःच्याच थरांत रुतते आणि पुढची फेक हवेतच तुटते. पॉपर गेला.

२. दोरीला लीडर एफजी गाठीने जोडा. ही गाठ घरी दहा वेळा बांधा, हलत्या बोटीवर पहिल्यांदा नाही. बांधल्यावर दोन्ही टोकं हातमोजे घालून जोरात खेचा. सरकली तर पुन्हा.

३. लीडरचं दुसरं टोक अखंड कडीला बांधा, दुपदरी फोडकडीला (किल्ल्यांच्या कडीसारख्या) कधीच नाही. फोडकडीच्या फटीत लीडर शिरतो आणि कापला जातो.

४. असिस्ट गरीही त्याच अखंड कडीला. जिग फोडकडीने अखंड कडीला जोडायचा. असं केलं की माशाचा सगळा ताण गरीकडून कडीमार्गे लीडरवर जातो, जिग आणि फोडकडी त्यातून बाहेर राहतात. जिग बदलायचा तर फक्त फोडकडी उघडा. तिच्यासाठी वेगळी चोच असलेली पक्कड मिळते, ती घ्याच. नखाने उघडणाऱ्यांची नखं मी पाहिली आहेत.

## टप्पा ९: ड्रॅग घरीच मोजा

‘अंदाजाने घट्ट करतो’ हे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा तुटलेल्या दोरीच्या आधी ऐकलंय. प्रवासाच्या बॅगा तोलायचा आकड्याचा काटा घ्या, दाराच्या कडीला अडकवा, लीडर त्याला बांधा. रॉड आडव्यापासून ४५ अंशांपर्यंत उचला आणि दोरी सुटायला लागते तो आकडा वाचा.

तो आकडा दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत हवा. पन्नास पाउंड म्हणजे सुमारे २२.७ किलो, म्हणजे ड्रॅग साडेपाच ते साडेसात. तीस पाउंडांना ३.४ ते ४.५ किलो. रिळाच्या खोक्यावर ‘कमाल ड्रॅग १५ किलो’ लिहिलंय म्हणून तो तिथवर पिळायचा नसतो.

मग आणखी एक करा. बादलीत पाच लिटर पाणी भरून लीडर बांधा आणि रॉड ४५ अंशांच्या वर न नेता ती जमिनीपासून वीतभर उचलून धरा. एक मिनिट. ‘मी तर दहा किलो ड्रॅगवर जीटी धरणार’ म्हणणारे इथेच नम्र होतात. रॉड वाकताना एखाद्या वळ्याजवळ कोन तुटल्यासारखा दिसला किंवा कुरकुर ऐकू आली तर रॉड परत करायची हीच वेळ.

## टप्पा १०: बोटीवर

बोट वाऱ्याबरोबर वाहत असते, हे लक्षात ठेवून उभं राहा. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला जिगिंग करा, तिथे दोरी बोटीपासून दूर जाते. विरुद्ध बाजूला उभे राहिलात तर बोट तुमच्याच दोरीवरून जाते आणि ती तळाला घासते. पॉपिंग मात्र वाऱ्याच्या दिशेने: फेक लांब जाते आणि बोट अजून न पोहोचलेल्या पाण्यात पडते. त्यामुळे दोन्ही पद्धतीचे लोक एकाच बोटीवर न भांडता राहू शकतात.

जिग सोडताना अंगठ्याने किंवा बोटाने दोरीला हलका स्पर्श ठेवा. तळ लागला की लगेच दोन-तीन फिरक्या उचला; खडपाळ तळावर एक सेकंद उशीर म्हणजे एक जिग. पडताना दोरी अचानक सैल झाली तर तळ आला असं समजून बसू नका. अजून दहा मीटर बाकी असतील तर तो मासा आहे.

मासा लागल्यावर सर्वांत महागडी चूक होते: रॉड आकाशाकडे उभा करणं. मासा बोटीखाली आणि रॉड उभा, म्हणजे सगळा वाक टोकाजवळच्या वीतभर भागात गोळा होतो. तिथेच मोडतो. आडव्यापासून ४५ अंश ही वरची हद्द. स्लो-पिचच्या नाजूक रॉडने तर माशाशी झुंजायचंच नसतं. रॉड माशाकडे खाली रोखायचा आणि काम रिळाने करायचं. माझा पहिला रॉड मोडला तेव्हा अडीच किलोचा हेकरू बोटीच्या कडेपाशी आला होता आणि मी फोटोच्या नादात रॉड उंच केला. हेकरू आला. फोटोत मोडका रॉड.

पॉपर ओढताना मनगटाने झटके देऊ नका. कंबरेतून वळा, रॉड लांबवर ओढा, थांबा, सैल दोरी गुंडाळा, पुन्हा ओढा. माशाने पाणी फोडलं आणि गरी लागली नाही तर थांबू नका, ओढत राहा. बहुतेकदा तोच मासा पुन्हा येतो. ओरडून पॉपर बाहेर खेचणारे दुसरी संधी स्वतःच घालवतात.

सुरक्षा: जीवरक्षक जॅकेट आणि चष्मा चढवूनच रॉड उचला, अडकलेला जिग सुटला की तो थेट तोंडाकडे येतो. तळाला अडकलेली दोरी हाताला गुंडाळून कधीही ओढू नका, ती हाताची बोटं कापते. रिकाम्या बाटलीला किंवा लाकडी दांड्याला चार वेढे द्या आणि बोटीला तिचं काम करू द्या.

काही मासे सोडायचेच असतात. अजस्र वाढणारा जायंट ग्रूपर आणि देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क, हे कायद्याने संरक्षित आहेत. चुकून लागला तर बोटीत न घेता पाण्यातच गरी सोडवा. त्यासाठी लांब चोचीची पक्कड खिशात हवी, पेटीच्या तळाशी नाही.

परत आल्यावर रिळाचा ड्रॅग घट्ट करून, नळाच्या जोरदार धारेखाली न धरता, गोड्या पाण्याचा हलका शिडकावा द्या. पुसा. सावलीत वाळवा आणि मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. वापरलेले जिग पेटीत तसेच टाकू नका. एका ओल्या गरीचा गंज आठवड्यात सगळ्या पेटीला लागतो. लीडरवरून दोन बोटं फिरवा, खरखरीत लागेल तिथपर्यंत कापा. गाठ पुन्हा बांधायचं काम त्याच रात्री.